‘इन्सुलेट’ हे क्रियापद कसं वापरायचं

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘इन्सुलेट’ शोधलं की ‘अलग करणे’, ‘विलग करणे’, ‘रोधन करणे’, ‘संरक्षण देणे’ असे अर्थ स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडलेले सापडतात. यातला कुठला कुठे बसतो ते आपलं आपण शोधायचं. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते, आणि या ओळीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय.

काम नवीन होतं. एका पंपाच्या पुस्तिकेत वाक्य आलं, ‘आयसोलेट द पंप बिफोर ओपनिंग.’ मी घाईत ते ‘इन्सुलेट’ वाचलं आणि लिहून टाकलं, ‘पंप उघडण्यापूर्वी त्यावर रोधक आवरण चढवा.’ छापायच्या आधी मजकूर तपासायला एका जुन्या फोरमनकाकांकडे गेला. त्यांचा फोन आला. ‘ताई, आवरण कशाला चढवायचं? मेन बंद करायचाय तिथं. हे वाचून पोरगं चालू पंपात हात घालंल.’

त्या दिवसापासून मी हा शब्द दिसला की थांबते. कशी थांबते आणि काय काय तपासते, ते पुढे सांगते.

पहिली पायरी : बेट शोधा

लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. ‘इन्सुलेट’चा मुळातला अर्थ बेट करणे, म्हणजे चहूबाजूंनी पाणी आणून जमिनीचा तुकडा बाकीच्या जमिनीपासून तोडणे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो याच अर्थाने. वीज आणि उष्णता त्याला चिकटली ती अठराव्या शतकात.

या बेटाचं गोत मोठं आहे. ‘इन्सुलिन’ त्यातलंच, कारण ते स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पुंजक्यांतून पाझरतं. मराठी पुस्तकांत त्यांना लँगरहान्सची द्वीपके म्हणतात. ‘इन्सुलर’ म्हणजे बेटावर राहून बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवलेला, कूपमंडूक वृत्तीचा. आणि ‘पेनिन्सुला’ म्हणजे ‘जवळजवळ बेट’. आपला ‘द्वीपकल्प’ शब्द अगदी तसाच घडलाय. संस्कृतात शब्दाला ‘कल्प’ लागलं की ‘त्याहून किंचित कमी’ असा अर्थ होतो. विद्वत्कल्प म्हणजे विद्वान व्हायला थोडाच उरलेला. शाळेत भूगोलात द्वीपकल्प पाठ करताना हे कुणी सांगितलं असतं तर तो शब्द आयुष्यभर विसरले नसते.

‘आयसोलेट’ही याच घरातला. लॅटिन ‘इन्सुला’चं इटालियनमध्ये ‘इझोला’ झालं, तिथून फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत उतरलं. म्हणजे इन्सुलेट आणि आयसोलेट सख्खी भावंडं, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आलेली. दोघांतला फरक मी असा लक्षात ठेवते: आयसोलेट म्हणताना नजर बेटावर असते, ते एकटं पडलंय यावर. इन्सुलेट म्हणताना नजर मधल्या पाण्यावर असते. मधे काहीतरी आहे, आणि ते पलीकडचं अलीकडे येऊ देत नाही.

फ्रेंच आणि जर्मन भाषांत या दोन्ही कामांना एकाच धातूचे शब्द चालतात. त्यामुळे जर्मनमधून इंग्रजीत आणलेल्या पुस्तिकांत ‘इन्सुलेशन’ हवं तिथे ‘आयसोलेशन’ बसलेलं असतं. चाकण पट्ट्यात जर्मन यंत्रं भरपूर आहेत. तिथे काम करणाऱ्यांनी हा शब्द दिसला की आकृतीकडे पाहून खात्री करावी. आकृतीत स्विच असेल तर पुरवठा बंद करण्याची सूचना आहे, थर दाखवला असेल तर आवरणाची.

दुसरी पायरी : तीन प्रश्न विचारा

वाक्यात ‘इन्सुलेट’ आलं की विचारायचं: कोणाला? कशापासून? मधे काय? तिन्ही उत्तरं मिळाली की मराठी वाक्य निम्मं तयार होतं.

स्वयंपाकघरातच बघा. कुकरच्या दांड्याला काळं बेकलाइट असतं. कोणाला? हाताला. कशापासून? तापलेल्या धातूपासून. मधे काय? बेकलाइट. चहाच्या थर्मासचंही तसंच, फक्त तिथे मधे ‘काहीच नाही’ असतं. दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते. ही युक्ती जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाची, १८९२ ची. त्याला चहाशी देणंघेणं नव्हतं, अतिथंड द्रवरूप वायू साठवायचे होते.

इथेच नवख्यांचा पाय घसरतो. शिकवणीतल्या मुलांना ‘इन्सुलेट’चा अर्थ विचारला की निम्मी सांगतात, ‘गरम ठेवणे’. तसं नाही. इन्सुलेशनला गरमही कळत नाही आणि थंडही कळत नाही. ते फक्त उष्णतेची ये-जा मंदावतं. गोधडी माणसावर घातली तर ऊब आत राहते. तीच गोधडी बर्फाच्या लादीवर घातली तर बाहेरची उष्णता बाहेर राहते आणि बर्फ जास्त वेळ टिकतो. हातगाडीवर बर्फाची लादी गोणपाटाखाली आणि लाकडाच्या भुश्यात का ठेवतात, याचं उत्तर हेच. भुसा गार नसतो. त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, आणि न हलणारी हवा उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. तांबं तिच्या साधारण १५,००० पट वेगाने सरकवतं.

या भुश्यावर एके काळी केवढा तरी धंदा चालला. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ ‘टस्कनी’ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिने समुद्रावर काढून, विषुववृत्त दोनदा ओलांडून तो पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास उरला होता. मुंबईतही फोर्ट भागात असा बर्फ साठवायला घुमटाकार बर्फघर बांधलं होतं. या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत एकच वाक्य पुरतं: ‘द आइस वॉज इन्सुलेटेड विथ सॉडस्ट.’

माठाचं काय? माठ इन्सुलेट करत नाही. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठावर जाड गोधडी गुंडाळून बघा, पाणी गार व्हायचं बंद होईल. तसंच गच्चीला पांढरा चुना मारला तर तो ऊन परत फेकतो, ते परावर्तन. गोठ्याच्या पत्र्यावर उन्हाळ्यात उसाचं पाचट पसरतात, ते मात्र शंभर टक्के इन्सुलेशन. परिणाम सगळीकडे गारव्याचाच, पण क्रियापद वेगळं. इंग्रजी लिहिताना ‘गार राहतं म्हणजे इन्सुलेट’ असं समीकरण मांडलंत की फसलात.

तिसरी पायरी : विजेकडे वळा

मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द सगळ्यात जास्त येतो तो विजेमुळे. ‘वायरचं इन्सुलेशन गेलंय’, ‘जॉइंटवर इन्सुलेशन टेप मार’ ही वाक्यं कुठल्याही इलेक्ट्रिशियनच्या तोंडी असतात आणि ती बदलायची काही गरज नाही. शाळेच्या पुस्तकात सुवाहक आणि दुर्वाहक येतात. तेही चांगले शब्द आहेत, पण ते पदार्थाचा स्वभाव सांगतात. ‘इन्सुलेट करणे’ म्हणजे त्या स्वभावाचा उपयोग करून घेणे. रबर दुर्वाहक आहे, तार रबराने इन्सुलेट करतात.

हा स्वभाव माणसाला कसा कळला त्याची एक छान गोष्ट आहे. १७२९ मध्ये इंग्लंडात स्टीफन ग्रे काचेची नळी घासून निर्माण झालेली वीज लांबलचक सुतळीतून पलीकडे नेऊन पाहत होता. सुतळी आडवी टांगायला त्याने रेशमी धागे वापरले, कारण ते बारीक. वीज पलीकडे पोचली. एकदा रेशीम वजनाने तुटलं, म्हणून त्याने बारीक पितळी तार लावली, आणि वीज पोचेना. सगळी तारेतून गळून गेली. बारीक असण्याला महत्त्व नाही, रेशीम असण्याला आहे, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मधलं ‘पाणी’ कशाचं आहे, यावर सगळं अवलंबून.

विजेच्या खांबावर तारेखाली चिनीमातीच्या वाट्यांसारखं जे दिसतं तो ‘इन्सुलेटर’. पहिल्या वळवाला वीज का जाते, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उन्हाळाभर ती चिनीमाती तापलेली असते, वर धूळ बसलेली असते. पावसाचे पहिले थेंब पडले की काही वाट्यांना तडे जातात. शिवाय ओली धूळ विजेला वाट देते, आणि ज्या वाटीने तारेला खांबापासून तोडायचं तिच्यावरूनच वीज खांबात उतरते. मग यंत्रणा आपोआप ट्रिप होते. अशा वेळी इंग्रजीत म्हणतात, ‘द इन्सुलेटर फेल्ड’. मराठीत ‘इन्सुलेटर नापास झाला’ असं शब्दाला शब्द ठेवून लिहिलेलं मी पाहिलंय. ‘निकामी झाला’ किंवा ‘फुटला’ म्हणावं.

आता घरातला मोबाइलचा चार्जर उलटा करा. बारीक अक्षरांच्या गर्दीत एक चौकोन आणि त्याच्या आत दुसरा छोटा चौकोन दिसतो का? त्याचा अर्थ ‘डबल इन्सुलेटेड’. विजेच्या भागांभोवती आवरणाची दुहेरी तटबंदी केली आहे, म्हणून या उपकरणाला अर्थिंगची गरज नाही. शब्द न लिहिता फक्त चित्रातून सांगितलेलं हे ‘इन्सुलेट’ मला फार आवडतं. बेटाच्या आत बेटच काढलंय.

शेतातल्या मोटरीच्या पाटीवरही हा शब्द असतो, पण आखडलेला. ‘इन्स. क्लास’ आणि पुढे ‘बी’ किंवा ‘एफ’ असं एखादं अक्षर. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीच्या आत गुंडाळलेल्या, तारांवरचं आवरण किती तापमान सोसेल ते त्या अक्षरात असतं: बी म्हणजे १३० अंश सेल्सियस, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. ‘मोटर जळाली’ म्हणतो तेव्हा बहुधा तांबं जळालेलं नसतं. आवरण जळून तारा एकमेकींना टेकलेल्या असतात. रिवायंडिंगवाला म्हणूनच नव्या तारेवर व्हार्निश चढवतो.

शब्दाची रूपंही याच पायरीवर उरकून घेऊ. ‘इन्सुलेशन’ म्हणजे आवरण किंवा आवरण घालण्याची क्रिया. ‘इन्सुलेटर’ म्हणजे ती वस्तू किंवा तो पदार्थ. ‘इन्सुलेटेड’ म्हणजे ज्याला आवरण घातलंय ते, ‘इन्सुलेटिंग’ म्हणजे जे आवरणाचं काम करतं ते. शेवटच्या दोन शब्दांची गल्लत नको. ‘इन्सुलेटेड’ स्क्रू ड्रायव्हर आतून पोलादी असतो आणि वरून आवरण असतं. चांगल्या हत्यारावर १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आवरण चिरलं की तो नुसता पोलादाचा दांडा. टेप मात्र स्वतःच अडवते, म्हणून ती ‘इन्सुलेटिंग टेप’. तिच्यावर कुणी काही चढवलेलं नसतं.

उच्चाराचं थोडक्यात. ब्रिटिश ‘इन्स्युलेट’च्या जवळ म्हणतात, अमेरिकन ‘इन्सलेट’च्या. जोर दोन्हीकडे पहिल्या ‘इन्’वर. आपलं ‘इन्सुलेट’ सगळ्यांना कळतं. लिहिताना मात्र जपा. परदेशी निघालेल्या एका भाच्याने जॅकेटच्या दुकानाला ‘इन्सल्टेड जॅकेट’ हवंय असं कळवलं होतं. दुकानदाराने बिचाऱ्याने जॅकेट सन्मानाने पाठवलं.

चौथी पायरी : पुढे काय जोडायचं ते ठरवा

या क्रियापदाला कर्म लागतंच. ‘आय इन्सुलेटेड’ म्हणून थांबता येत नाही. काय इन्सुलेट केलं ते सांगावं लागतं. त्यानंतर तीन छोटे शब्द येऊ शकतात.

‘विथ’ आलं तर साधन: भुश्याने, थर्माकोलने, पाचटाने. हे सोपं आहे.

‘फ्रॉम’ आणि ‘अगेन्स्ट’ दोन्ही ‘पासून’चं काम करतात, पण छटा वेगळी आहे. ‘फ्रॉम’मध्ये नुसतं तोडणं असतं. ‘अगेन्स्ट’मध्ये समोरून काहीतरी चाल करून येतंय असं वाटतं: थंडी, आवाज, भाववाढ. ‘इन्सुलेट द हाउस अगेन्स्ट द कोल्ड’ म्हणजे थंडी येणार आहे, तयारी करा. ‘इन्सुलेट द वायर फ्रॉम द पोल’ इथे खांब काही चाल करून येत नाही, म्हणून ‘फ्रॉम’. अलंकारिक वापरात ‘फ्रॉम’च जास्त दिसतं. शंका आली तर ‘फ्रॉम’ लिहा, कुणी हसणार नाही. ‘इन्सुलेट टू’ मात्र चुकूनही नको.

मराठीत बरेचदा कर्मणी वाक्यापेक्षा वेगळी रचना सहज वाटते. ‘द बिल्डिंग इज वेल इन्सुलेटेड’ याचं ‘इमारत चांगल्या प्रकारे उष्णतारोधित केलेली आहे’ असं भाषांतर सरकारी फलकावरही वाचवत नाही. ‘या इमारतीत उन्हाळ्यात तापत नाही आणि थंडीत गारठत नाही’ हे लांब आहे, पण मराठी आहे. तांत्रिक मजकुरात लांबी परवडत नसेल तर सरळ ‘इमारतीला चांगलं इन्सुलेशन आहे’ लिहावं. लोक तेच बोलतात.

अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात नव्याने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा शब्द पहिल्याच महिन्यात गाठतो. पोटमाळ्याला इन्सुलेशन किती आहे, हा तिथे भाडं किती आहे इतकाच व्यवहारी प्रश्न असतो. अमेरिकेत ‘आर व्हॅल्यू’ सांगतात, ती जितकी मोठी तितकं चांगलं. ब्रिटनमध्ये ‘यू व्हॅल्यू’ सांगतात, ती जितकी लहान तितकं चांगलं. एक उष्णता किती अडते ते मोजते, दुसरी किती निसटते ते. शिकागोहून लंडनला बदली झालेल्यांनी हे उलटसुलट करून घेऊ नये. ब्रिटनमध्ये गरम पाण्याच्या पाइपांना गुंडाळायच्या आवरणाला ‘लॅगिंग’ असा आणखी एक शब्द आहे. तो ‘मागे पडणे’वाला ‘लॅग’ समजून लोक गोंधळतात.

पाचवी पायरी : शेजारचे शब्द बाजूला काढा

‘शील्ड’ हा सगळ्यात जवळचा शेजारी. शील्ड म्हणजे ढाल. ढाल एका बाजूला धरतात, जिकडून वार येतो तिकडे. आवरण अंगाला चिकटून असतं. एक्स-रे काढताना अंगावर जो शिशाचा जड अ‍ॅप्रन घालतात तो शील्ड करतो, त्याला कुणी इन्सुलेशन म्हणत नाही.

विजेत हा फरक फार महत्त्वाचा. माइकच्या वायरीत दोन गोष्टी असतात. आतल्या तारेभोवती प्लास्टिकचं आवरण, ते इन्सुलेशन. त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारांची जाळी, ती शील्ड. प्लास्टिक करंटला बाहेर पडू देत नाही, पण बाजूच्या विजेच्या लाइनची घरघर त्याला अडवता येत नाही. ती अडवते जाळी, आणि जाळी तर चक्क सुवाहक असते! म्हणजे एकाला वीज वाहून नेता येत नाही म्हणून ते काम करतं, दुसरीला येते म्हणून ती करते. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या पिंजऱ्यात बसून हे दाखवलं. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत काहीच जाणवत नव्हतं. मायक्रोवेव्हच्या दारात जी भोकाभोकाची जाळी दिसते ती त्याच घराण्यातली. त्यामुळे गणपतीच्या मांडवात स्पीकर गुणगुणत असेल तर साउंडवाला ‘शील्डेड केबल आण’ म्हणतो. त्याला ‘इन्सुलेटेड केबल’ आणून दिलीत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. केबल सगळ्या इन्सुलेटेडच असतात.

माणसांच्या बाबतीत शील्डची एक छटा आपण सांभाळायला हवी. ‘शील्ड अ क्रिमिनल’ म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणे. तिथे ‘संरक्षण देणे’ फार सोज्वळ होतं. ‘शेल्टर’ म्हणजे आसरा देणे, पंखाखाली घेणे. ‘शेल्टर्ड चाइल्डहुड’ म्हणजे तळहाताच्या फोडासारखं जपलेलं बालपण. ‘प्रोटेक्ट’ हा सर्वांत सैल शब्द, कुठेही चालतो, आणि म्हणूनच फारसं काही सांगत नाही.

‘आयसोलेट’कडे परत येते. घरातल्या डीबी बॉक्समध्ये जो मोठा खटका असतो त्याला आपले इलेक्ट्रिशियन ‘आयसोलेटर’ म्हणतात. तो वाट तोडतो. ‘इन्सुलेटर’ वाट मुळात होऊच देत नाही. दुकानात एक-दोन अक्षरांच्या फरकाने भलतीच वस्तू हातात पडते. २०२० मध्ये सगळ्यांना ‘आयसोलेशन’ पाठ झालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये, ज्यांना आजाराचा धोका फार होता त्यांना सरकारने ‘शील्ड’ करायला सांगितलं, म्हणजे घरीच राहायला. आजारी तो आयसोलेट, नाजूक प्रकृतीचा तो शील्ड. इन्सुलेट यात कुठेच नव्हतं. बातम्यांच्या भाषांतरात मात्र या दोघांनाही ‘विलगीकरण’च मिळालं.

सहावी पायरी : माणसं, पैसा आणि संस्था

वर्तमानपत्रात ‘इन्सुलेट’ बहुतेक वेळा तारेला नसतंच. ‘सबसिडीज इन्सुलेटेड कन्झ्युमर्स फ्रॉम ऑइल प्रायसेस.’ इथे ‘रोधन’ घातलंत तर वाक्य मेलं. मराठीकडे यासाठी अगदी घरचा शब्द आहे: झळ. ‘अनुदानामुळे तेलाच्या भाववाढीची झळ ग्राहकांना लागली नाही.’ चुलीजवळ बसलेल्याला जी लागते ती झळ. म्हणजे आपणही भाववाढीला उष्णताच समजतो, आणि इंग्रजीसारखंच तिला मधे अडवतो. हा शब्द सापडल्यापासून माझं अर्थविषयक भाषांतर सोपं झालं. आपल्याकडे पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे केले. त्याआधीच्या काळाबद्दलचे इंग्रजी लेख वाचलेत तर हे क्रियापद पानोपानी भेटेल.

संस्थांबद्दल मात्र झळ पुरत नाही. ‘जजेस आर इन्सुलेटेड फ्रॉम पोलिटिकल प्रेशर.’ इथे तीन प्रश्न परत कामाला येतात. कोणाला? न्यायाधीशांना. कशापासून? राजकीय दबावापासून. मधे काय? राज्यघटनेतली तरतूद. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार भारताच्या संचित निधीवर भारित असतात. संसद त्यावर चर्चा करू शकते, मतदान घेऊ शकत नाही. निकाल आवडला नाही म्हणून पगार रोखता येऊ नये, हा तो मधला थर. मराठीत मी लिहिते, ‘न्यायाधीशांपर्यंत राजकीय दबाव पोचू नये अशी व्यवस्था आहे.’ ‘पोचू न देणे’ हे झळेइतकं रंगतदार नाही, पण संस्थांच्या वाक्यात ते शोभतं.

तिसरी छटा टोमण्याची. ‘मिनिस्टर्स लिव्ह इन्सुलेटेड लाइव्ह्ज.’ यात कौतुक नाही. काचा वर करून एसी गाडीतून फिरणाऱ्याला बाहेरचे खड्डे आणि ऊन कळत नाही, असं ते वाक्य म्हणतंय. ‘मंत्र्यांचं आयुष्य सुरक्षित आहे’ हे भाषांतर अर्थच उलटा करतं. ‘मंत्र्यांना बाहेरची हवाच लागत नाही’ म्हटलं की टोमणा पोचतो. वाक्य स्तुतीचं आहे की टोमण्याचं, हे ‘फ्रॉम’च्या पुढे काय आहे त्यावरून ओळखायचं. पुढे धोका, दबाव, संकट असेल तर बरं बोललंय. पुढे वास्तव, जनता, परिणाम असेल तर टोमणा आहे.

सरावाला पाच वाक्यं

आधी स्वतः करून बघा, मग माझं उत्तर वाचा.

‘इन्सुलेट द पाइप्स बिफोर विंटर.’ थंडी पडायच्या आत पाइपांना आवरण गुंडाळा.

‘कीप द मिल्क इन अ‍ॅन इन्सुलेटेड कॅन.’ दूध थर्मासच्या कॅनमध्ये ठेवा. ‘थर्मास’ मूळचं कंपनीचं नाव असलं तरी मराठीत केव्हाच सामान्य नाम झालंय. बिनदिक्कत वापरा.

‘हिज वेल्थ इन्सुलेटेड हिम फ्रॉम द कॉन्सिक्वेन्सेस.’ ‘फ्रॉम’च्या पुढे परिणाम आलेत, म्हणजे टोमणा. पैशाच्या जोरावर तो केल्याची फळं भोगण्यातून सुटला.

‘शी शील्डेड हर ब्रदर.’ हे एवढ्यावर सोडवता येत नाही. भावावर दगड येत होता तर ती आडवी आली, भावाने चोरी केली होती तर तिने त्याला पाठीशी घातलं. मागचं-पुढचं वाक्य मागून घ्या. अनुवादकाने प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

‘आयसोलेट द सप्लाय, देन चेक द इन्सुलेशन.’ दोघं भाऊ एकाच ओळीत. अलीकडेच एका पुस्तिकेत हे वाक्य आलं आणि मी लिहिलं, ‘आधी पुरवठा तोडा, मग तारेचं आवरण तपासा.’ यावेळी चूक नाही अशी खात्री होती, तरी फोरमनकाकांना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘तोडा नको, ताई. मेन बंद करा असं लिहा. आमची पोरं खरंच तोडतील.’